कावीळ, पित्तनलिका आणि एक उपाशी कुत्रा

पोटाची सोनोग्राफी करायची असली की सेंटरवरून ठरलेली सूचना मिळते. "सकाळी उपाशीपोटी या, चहासुद्धा नको." काविळीच्या रुग्णाला ऑपरेशनला घेण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी होते आणि बऱ्याचदा व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं जातं. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, कावीळ तर लिव्हरची, मग रक्त गोठण्याचा इथे काय संबंध? आणि चहाने असं काय बिघडणार?"

प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरं दोन-दोन वाक्यांत देता येतात, पण ती उत्तरं माणसाला कशी सापडली ही गोष्ट मोठी आहे. त्या गोष्टीत जवळजवळ प्रत्येक वळणावर एक कुत्रा उभा आहे. आज घरातल्या कुत्र्याला आतड्याची किंवा स्वादुपिंडाची गाठ होऊन पित्तनलिका बंद झाली, तर पशुवैद्य जे उपचार करतात, त्यांतलं बरंचसं ज्ञानही याच वाटेने आलं आहे. आजच्या लेखात हा इतिहास बघूया आणि शेवटी त्यातून आपल्यासाठी काय घ्यायचं तेही बघूया.

आधी थोडी शरीररचना

पित्त म्हणजे यकृतात (लिव्हरमध्ये) तयार होणारा पिवळसर हिरवा रस. आपण बोलताना "पित्त झालंय" म्हणतो ती जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. हे पित्त वेगळं. ते बारीक नळ्यांतून वाहत येतं, त्यातलं काही पित्ताशयात साठतं आणि तिथे घट्ट होतं. आपण जेवलो की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरतं. तिथे त्याचं काम दोन प्रकारचं. एक, अन्नातली चरबी आणि चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषून घ्यायला मदत करणं. दुसरं, जुन्या लाल पेशी मोडल्यावर तयार होणारं बिलिरुबिन हे रंगद्रव्य शरीराबाहेर नेणं. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो याच बिलिरुबिनपासून येतो.

आता ही नलिका कुठेतरी बंद झाली असं समजा. खडा अडकला, शेजारचं स्वादुपिंड सुजलं, किंवा तिथे गाठ वाढली. बिलिरुबिन मागे तुंबतं आणि रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मात्र पांढुरकं किंवा मातकट. याला आपण अडथळ्याची कावीळ म्हणतो.

कुत्र्याची रचना आपल्यासारखीच आहे, थोड्या फरकाने. माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नळी बहुतेकदा एकत्र येऊन आतड्यात उघडतात. कुत्र्यात स्वादुपिंडाची जी नळी पित्तनलिकेशेजारी उघडते ती सहसा लहान असते, आणि मोठी नळी थोडं पुढे जाऊन वेगळ्या तोंडाने उघडते. पण पित्तनलिका स्वादुपिंडाला अगदी खेटून जाते, ही गोष्ट दोघांतही सारखी. त्यामुळे स्वादुपिंडाला सूज किंवा गाठ आली की पहिला दाब पित्तनलिकेवर येतो.

चरकापासून श्वानपर्यंत

शौचाचा रंग बघून काविळीचे प्रकार वेगळे करायचे, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत कामला या रोगाच्या वर्णनात एका प्रकारात शौच वाटलेल्या तिळासारखं पांढुरकं होतं असं सांगितलं आहे, आणि कफाने पित्ताचा मार्ग अडल्यामुळे असं होतं अशी उपपत्ती दिली आहे. आजची परिभाषा वेगळी आहे, पण "वाट अडली म्हणून रंग गेला" हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही पिवळं पित्त हा शरीरातल्या चार मूळ रसांपैकी एक मानला जात होता.

मात्र पित्त नेमकं काय करतं हे कळायला जिवंत शरीरात डोकावणं भाग होतं. १६६४ साली हॉलंडमधल्या रेनिए द ग्राफ या तरुणाने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पिसाची पोकळ काडी बसवून तो रस बाहेर गोळा केला. वाहणारा रस बाहेर वळवून तपासायचा, ही पद्धत पुढची अडीचशे वर्षं शरीरशास्त्राचं मुख्य हत्यार ठरली.

१८४४ मध्ये थिओडोर श्वान यांनी हीच युक्ती पित्तासाठी वापरली. (सगळे प्राणी पेशींचे बनलेले आहेत हा सिद्धांत मांडणारे तेच श्वान.) त्यांनी कुत्र्यांचं पित्त आतड्यात जाऊ न देता पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढलं. याला बायल फिस्टुला म्हणतात. कुत्रे खात होते, तरी खंगत गेले आणि दगावले. पित्त हे केवळ टाकाऊ पाणी नाही, ते आतड्यात पोचणं जगण्यासाठी आवश्यक आहे, असा निष्कर्ष श्वान यांनी काढला. ते कुत्रे नेमके कशाने मरत होते, हे मात्र कळायला आणखी नव्वद वर्षं जायची होती.

दरम्यान १८७० मध्ये मोरिट्झ शिफ यांनी कुत्र्यांवरच दाखवलं की आतड्यात उतरलेल्या पित्ताचा मोठा भाग पुन्हा शोषला जाऊन यकृताकडे परत येतो आणि परत वापरला जातो. आज आपण त्याला एन्टरोहिपॅटिक सर्क्युलेशन म्हणतो.

लंडनमधला तपकिरी कुत्रा

१६ जानेवारी १९०२. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा सगळ्या नसांपासून वेगळा केला आणि त्यात आम्ल सोडलं. नसा तोडलेल्या असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या रासायनिक निरोप्याला त्यांनी 'सिक्रेटिन' नाव दिलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा निरोप्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द वापरात आणला. थायरॉइडपासून इन्सुलिनपर्यंत ज्यांची नावं आपण रोज घेतो, त्यांना हे कुळनाव मिळालं ते या प्रयोगानंतर.

पण त्याच प्रयोगशाळेची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर १९०२ मध्ये स्टार्लिंग यांनी एका तपकिरी टेरियरच्या स्वादुपिंडाची नळी बांधली. फेब्रुवारी १९०३ मध्ये तोच कुत्रा पुन्हा टेबलावर घेतला गेला आणि नंतर विद्यार्थ्यांसमोर दुसऱ्या प्रात्यक्षिकासाठीही वापरला गेला. दोन स्वीडिश तरुणी तिथे विद्यार्थिनी म्हणून बसल्या होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असा आरोप त्यांनी जाहीरपणे केला. प्रकरण कोर्टात गेलं. बेलिस यांनी बदनामीचा खटला जिंकला, पण लोकमत शांत झालं नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दंगा केला, १९१० मध्ये पुतळा हलवण्यात आला आणि १९८५ मध्ये नवा बसवण्यात आला.

कोर्टात कोण बरोबर ठरलं यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची. 'ज्ञानासाठी' म्हणून प्राण्याला किती सोसायला लावायचं, हा प्रश्न त्यानंतर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवता आला नाही. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आज असे प्रयोग समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि पर्यायी मार्ग आहे का हे आधी बघावं लागतं. पुढची गोष्ट वाचताना हे मनात ठेवलं पाहिजे. त्यातला प्रत्येक शोध कुणाच्या तरी देहावर झाला आहे.

खडा की गाठ? कूर्वॉइझिए यांचं निरीक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शल्यचिकित्सक पोट उघडू लागले होते. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं. पित्ताशय नसलं तरी जगता येतं याची कल्पना त्याआधीच होती, कारण सतराव्या शतकात काही शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्यांचं पित्ताशय काढून ते जिवंत राहतात हे दाखवलं होतं.

आता प्रश्न होता निदानाचा. एक्स-रेचा शोधसुद्धा अजून लागायचा होता. पिवळ्या पडलेल्या रुग्णाच्या आत खडा आहे की कर्करोगाची गाठ, हे ओळखायचं कसं? स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातले सर्जन लुडविग कूर्वॉइझिए यांनी १८९० मध्ये मुख्य पित्तनलिका बंद झालेल्या १८७ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. खड्यामुळे नलिका बंद झालेल्या ८७ जणांपैकी फक्त १७ जणांचं पित्ताशय फुगलेलं होतं. इतर कारणांनी बंद झालेल्या १०० जणांपैकी मात्र ९२ जणांचं फुगलेलं होतं.

कारण सोपं आहे. खडे असलेलं पित्ताशय वर्षानुवर्षं सुजून जाड आणि आकसलेलं असतं, त्यामुळे ते ताणलं जात नाही. गाठीच्या रुग्णात मात्र पित्ताशय निरोगी असतं आणि मागून तुंबणाऱ्या पित्ताने फुग्यासारखं फुगतं. म्हणून आजही कावीळ झालेल्या माणसाच्या उजव्या बरगडीखाली न दुखणारं, फुगलेलं पित्ताशय हाताला लागलं, तर डॉक्टरच्या मनात पहिली शंका गाठीची येते. हा अगदी पक्का नियम नाही, त्याला अपवाद आहेत. पण सोनोग्राफीच्या युगातही तो शिकवला जातो, कारण त्याला लागतो फक्त हात.

अडलेल्या नलिकेला वळसा घालायची कल्पनाही याच काळातली. फुगलेलं पित्ताशय आतड्याला जोडून द्यायचं, म्हणजे पित्ताला आडवाट मिळते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी हे टप्प्याटप्प्याने, अनेक ऑपरेशनं करून साधलं. शिकागोच्या जॉन मर्फी यांनी हा जोड टाक्यांशिवाय झटपट बसावा म्हणून धातूचं बटण तयार केलं. ते आधी कुत्र्यांवर वापरून बघितलं आणि १८९२ मध्ये माणसांत वापरलं.

जेवायला न मिळालेला कुत्रा

आता सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पण पित्ताशय दिसत नाही. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत एव्हार्ट्स ग्रॅहम आणि त्यांचे तरुण सहकारी वॉरन कोल यांना एक कल्पना सुचली. फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाची काही रूपं शिरेतून दिली तर यकृत ती पित्तातून बाहेर टाकतं, हे आधीच माहीत होतं. मग त्याला आयोडीन किंवा ब्रोमीन जोडलं तर? ही मूलद्रव्यं एक्स-रे अडवतात, म्हणजे पित्ताशयाची सावली दिसायला हवी.

१९२३ मध्ये कोल यांनी प्राण्यांवर एकामागून एक रसायन वापरून बघितलं. कित्येक महिने फिल्म कोरीच येत राहिली. आणि एके दिवशी एका कुत्र्याच्या फिल्मवर पित्ताशयाची स्पष्ट सावली दिसली. रसायन तेच, मात्रा तीच, मग या एकाच कुत्र्यात असं काय वेगळं होतं? कोल यांनी कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या कामगाराला विचारलं. तो आधी काही बोलेना. फारच आग्रह केल्यावर त्याने सांगून टाकलं की त्या सकाळी या कुत्र्याला खायला घालायचं राहून गेलं होतं.

तिथेच कोडं सुटलं. बाकीचे कुत्रे पोटभर खाऊन येत होते. खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि रसायन मिसळलेलं पित्त साठण्याऐवजी आतड्यात निघून जातं. उपाशी कुत्र्याचं पित्ताशय शांत होतं, त्यामुळे रसायन त्यात साठलं आणि घट्ट झालं. १९२४ च्या सुरुवातीला ग्रॅहम आणि कोल यांनी माणसातल्या पित्ताशयाची चित्रं प्रसिद्ध केली. पुढे सोनोग्राफी येईपर्यंत कोलेसिस्टोग्राफी हीच पित्ताशयाची मुख्य तपासणी होती.

खाल्ल्यावर पित्ताशयाला निरोप कोण देतं, हे १९२८ मध्ये अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी प्राण्यांवरच दाखवलं. आतड्यातून निघणाऱ्या त्या हॉर्मोनचं नाव कोलेसिस्टोकायनिन.

सोनोग्राफीत रसायन लागत नाही, पण तत्त्व तेच. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटंसुद्धा पित्ताशय आकसायला पुरेशी आहेत. आकसलेल्या पित्ताशयात लहान खडा दिसणं अवघड, भिंत जाड आहे की नुसती आकसली आहे हे ठरवणं त्याहून अवघड. म्हणून उपाशी यायचं.

पित्त नाही, तर रक्त थांबत नाही

अडथळ्याच्या काविळीत ऑपरेशन छान व्हायचं आणि दोन-चार दिवसांनी रुग्ण रक्तस्रावाने जायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हा सर्जनांचा मोठा धसका होता. जखमेतून, आतड्यातून, टाक्यांच्या भोकांतून रक्त झिरपत राहायचं. रक्त दिलं की तात्पुरतं थांबायचं. कारण माहीत नव्हतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे जॉर्ज हॉइट व्हिपल यांच्या प्रयोगशाळेत बायल फिस्टुला केलेले कुत्रे दीर्घकाळ सांभाळले जात होते. (रक्तक्षयावर यकृत खाऊ घालण्याच्या संशोधनासाठी १९३४ चं नोबेल मिळालेले हेच ते व्हिपल.) पित्त आतड्यात न पोचणाऱ्या या कुत्र्यांना काही महिन्यांनी रक्तस्राव व्हायचा. १९३६ मध्ये हॉकिन्स आणि ब्रिंकहाउस यांनी दाखवलं की या कुत्र्यांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यासाठी लागणारा घटक फार कमी झालेला असतो, आणि त्यांना पित्त पाजलं की तो परत वाढतो.

त्याच सुमाराला दुसरे दोन धागे जुळत होते. अमेरिकेत आर्मंड क्विक यांनी प्रोथ्रॉम्बिन मोजायची सोपी चाचणी तयार केली आणि १९३५ मध्ये अडथळ्याच्या काविळीत ती बिघडते हे नोंदवलं. आज आपल्या रिपोर्टवर 'पीटी-आयएनआर' दिसतो, तो याच चाचणीचा वंशज. तिकडे कोपनहेगनमध्ये हेनरिक डाम यांना चरबी काढलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये रक्तस्राव दिसला होता. १९३५ मध्ये त्यांनी त्यामागच्या हरवलेल्या घटकाला 'व्हिटॅमिन के' म्हटलं. 'के' कशासाठी, तर 'कोआग्युलेशन' म्हणजे रक्त गोठणं. हा शब्द डॅनिश आणि जर्मन भाषांत 'के' ने सुरू होतो.

तीन धागे एकत्र केले की चित्र पूर्ण होतं. व्हिटॅमिन के चरबीत विरघळतं. ते शोषायला आतड्यात पित्त हवं. पित्त नाही, तर व्हिटॅमिन के नाही. ते नाही, तर यकृत प्रोथ्रॉम्बिन आणि त्याचे भाऊबंद घटक नीट बनवू शकत नाही. १९३८ मध्ये आयोवा, मेयो क्लिनिक आणि डेन्मार्क या तिन्ही ठिकाणी अडथळ्याची कावीळ झालेल्या माणसांना व्हिटॅमिन के देऊन रक्तस्राव आटोक्यात आणल्याचे अहवाल आले. १९४३ चं नोबेल डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं.

श्वान यांच्या खंगत गेलेल्या कुत्र्यांचं कोडंही यात बरंचसं सुटलं. चरबी आणि तिच्यासोबतची जीवनसत्त्वं त्यांच्या अंगी लागत नव्हती.

आज काविळीच्या रुग्णाचा आयएनआर वाढलेला असेल तर आपण व्हिटॅमिन के शिरेतून देतो आणि साधारण एका दिवसाने तपासणी पुन्हा करतो. सुधारला, तर दोष शोषणाचा होता, यकृत काम करतंय. सुधारला नाही, तर यकृतच थकलं आहे. एक इंजेक्शन उपचारही करतं आणि निदानही.

दुसरे व्हिपल आणि मोठं ऑपरेशन

पित्तनलिकेच्या तोंडाशी किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी झालेली गाठ काढायची तर ड्युओडेनमही काढावं लागतं, कारण दोघांचा रक्तपुरवठा एकच. पण ड्युओडेनमशिवाय जगता येतं का? नाही, असं बराच काळ मानलं जात होतं. १९१८ मध्ये लेस्टर ड्रॅगस्टेड आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण ड्युओडेनम काढलेले कुत्रे जिवंत राहतात हे दाखवलं.

१९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी (जॉर्ज व्हिपल यांच्याशी गल्लत करू नका) तीन रुग्णांवरच्या ऑपरेशनचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचं ऑपरेशन दोन टप्प्यांत व्हायचं. आधी पित्ताला आडवाट करून कावीळ उतरवायची, काही आठवडे थांबायचं, मग पोट पुन्हा उघडून गाठ काढायची. थांबण्याचं मोठं कारण होतं तोच रक्तस्रावाचा धसका. व्हिटॅमिन के हाताशी आल्यावर १९४० मध्ये व्हिपल यांनी हे सगळं एकाच बैठकीत केलं. आज स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगासाठी जे 'व्हिपल्स ऑपरेशन' होतं, त्याचं एका टप्प्यात येणं शक्य झालं त्यात रोचेस्टरच्या कुत्र्यांचा वाटा आहे.

आता कुत्र्याची पाळी

ज्ञानाचा हा प्रवाह पुढे उलटाही वाहू लागला. सोनोग्राफी पशुवैद्यकात आली तेव्हा १९८२ मध्ये नायलँड आणि जिलेट यांनी कुत्र्यांमध्ये पित्तनलिका बांधल्यावर काय काय आणि कधी दिसतं याची नोंद केली. पहिल्या दिवसात पित्ताशय फुगतं, दोन-तीन दिवसांत यकृताबाहेरच्या नलिका रुंदावतात आणि यकृताच्या आतल्या नलिका फुगायला साधारण आठवडा लागतो. आज पशुवैद्य आजारी कुत्र्याची सोनोग्राफी बघून "अडथळा ताजा की जुना" याचा अंदाज बांधतात, त्यामागे ही नोंद आहे.

माणसात पित्तनलिका बंद होण्याचं नेहमीचं कारण खडे. कुत्र्यात चित्र वेगळं असतं. तिथे सगळ्यात जास्त आढळते स्वादुपिंडाची सूज. तिच्याखालोखाल पित्ताशयात घट्ट चिकट स्राव साठून राहण्याचा 'म्युकोसील' हा विकार, आणि मग गाठी. या गाठी स्वादुपिंडाच्या, पित्तनलिकेच्या किंवा ड्युओडेनमच्या असू शकतात. काही वेळा ती लिम्फोमा असते.

कारणानुसार उपचार बदलतो. स्वादुपिंडाची सूज अनेकदा सलाईन, वेदनाशामक आणि उलटीची औषधं यांवर उतरते आणि नलिका आपोआप मोकळी होते. म्युकोसीलमध्ये बहुधा पित्ताशय काढावं लागतं. लिम्फोमाला केमोथेरपी. आणि काढता न येणारी गाठ असेल, तर पित्ताशय आतड्याला जोडून आडवाट करायची. म्हणजे तेच, जे एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांवर शिकून माणसांवर केलं गेलं. ऑपरेशनपूर्वी व्हिटॅमिन केसुद्धा तसंच दिलं जातं. कुत्र्यांसाठी हे ऑपरेशन आजही जोखमीचं आहे, त्यामुळे निर्णय घेताना पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावं. आराम किती मिळेल, किती दिवस मिळेल, हे विचारायला संकोच करू नये.

आतड्याच्या 'जिस्ट' नावाच्या गाठींची गोष्टही अशीच. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी माणसातल्या जिस्टमध्ये 'किट' या जनुकातला बिघड शोधला. त्यावरून इमॅटिनिब हे औषध तिथे वापरात आलं. कुत्र्यांच्या जिस्टमध्येही त्याच जनुकातले बिघाड सापडले आहेत, आणि किटवर काम करणारं टोसेरॅनिब हे खास कुत्र्यांसाठीचं कर्करोगाचं औषध २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याची मंजुरी त्वचेच्या एका कर्करोगासाठी आहे, पण वाट एकच.

यातून आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे कावीळ म्हटलं की माळ, डोळ्यात किंवा नाकात घालायचं औषध, डाग देणं आणि कडक पथ्य यांची आठवण आधी होते. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला मिळतं. अडथळ्याची कावीळ आपोआप उतरेल या भरवशावर राहता येत नाही. गाठ असेल तर माळ घालून काढलेले ते चार-सहा आठवडे म्हणजे ऑपरेशन होऊ शकणं आणि न होऊ शकणं यांतलं अंतर असू शकतं.

म्हणून काविळीसोबत यातलं काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा :

- शौच पांढुरकं किंवा मातकट होणं
- अंगाला सतत खाज
- थंडी वाजून ताप
- वजन आणि भूक झपाट्याने कमी होणं
- नाकातून, हिरड्यांतून रक्त येणं किंवा उगाच काळे-निळे डाग पडणं

घरात कुत्रा असेल तर त्याच्या हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू अधूनमधून बघत जा. पिवळेपणा, गडद लघवी, सतत उलट्या, खाणं सोडणं, ही थांबायची लक्षणं नव्हेत. कुत्र्यांची प्रत्येक कावीळ अडथळ्याची नसते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा बेबेसियोसिस आणि लेप्टोस्पायरोसिस यांमुळेही ती होते. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून निदान होईपर्यंत अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला देऊ नका. ती त्याच्यासाठी विषारी ठरू शकतात. आणि त्याने रक्त पातळ करणारं उंदरांचं औषध खाल्ल्याची नुसती शंका आली तरी, लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. त्यावरचा उतारा आहे व्हिटॅमिन के, जे समजून घ्यायला त्याच्याच पूर्वजांनी मदत केली होती.